नमुना घडवायचा कसा, तपासायचा कसा: नवउद्योजकांसाठी फॅब लॅबचा वापर

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे कोरडवाहू पट्ट्यातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. फॅब लॅब म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू तिथल्या तिथे घडवता येते अशी कार्यशाळा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२मध्ये याच आश्रमात उभी राहिली. एमआयटीतले प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या प्रयत्नांतून वाढलेली ही कल्पना आज शंभराहून जास्त देशांत पोचली आहे. तिची सुरुवातीची पावलं पाबळच्या मातीत पडली, ही आपल्याकडच्या प्रत्येक नवउद्योजकाला माहीत असावी अशी गोष्ट आहे.

फॅब लॅबमध्ये साधारण हीच यंत्रं असतात: थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, लाकूड-प्लायवूड कापणारा, संगणकाने चालणारा मोठा सीएनसी राउटर, सर्किट बोर्ड कोरणारं छोटं मिलिंग मशीन, व्हिनाइल कटर आणि सोल्डरिंगचं टेबल. यांतलं प्रत्येक काम बाहेरच्या वर्कशॉपमध्येही करून मिळतं. पण बाहेर एकेक भाग बनवून घ्यायचा म्हणजे चार ठिकाणी चकरा आणि प्रत्येक ठिकाणी 'एकच पीस? जमणार नाही' हे ऐकून घेणं. लॅबमध्ये सकाळी कापलेला भाग दुपारी बसवून बघता येतो, बसला नाही तर संध्याकाळी दुसरा कापता येतो.

लॅबचा खरा फायदा चुका स्वस्तात पडण्यात आहे. डाय, म्हणजे कारखान्यातला धातूचा साचा, पाडून झाल्यावर कळलेली चूक लाखात जाते. तीच चूक पुठ्ठ्याच्या किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटच्या) तुकड्यावर कळली तर चहापाण्याच्या पैशांत भागते. मात्र त्यासाठी प्रत्येक नमुना एका ठरावीक प्रश्नासाठी बनवायला हवा. 'बघू या कसं होतंय' म्हणून बनवलेल्या सुंदर नमुन्याकडून फारसं काही शिकायला मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुढची सगळी चर्चा एका उदाहरणावर करू. समजा, तुम्हाला कांदा चाळीसाठी एक यंत्र बनवायचं आहे. रब्बीचा कांदा चाळीत चार ते सहा महिने ठेवतात. साध्या हवेशीर साठवणीत तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असली तर कांदा चांगला टिकतो. दमट हवा कोंडली की सड लागते आणि ती बाहेरून दिसेपर्यंत आतले कांदे हातचे गेलेले असतात. तेव्हा ढिगात खोचायची एक दांडी, तिच्या टोकाशी तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि चाळीच्या खांबावर एक डबी, असं हे यंत्र.

लॅबमध्ये जाण्याआधी

कागदावर प्रश्न लिहून काढा. दांडी चार-पाच फूट उंच ढिगात शेवटपर्यंत जाते का आणि कांद्याला इजा न करता बाहेर येते का? कांद्याच्या सालीची धूळ साचल्यावर सेन्सर खरं सांगतो का? बॅटरी पूर्ण हंगाम टिकते का? चाळीपासून घरापर्यंत सिग्नल पोचतो का? आणि शेतकरी यंत्राकडे बघून नेमकं काय करतो?

आता यांतला असा प्रश्न निवडा की ज्याचं उत्तर 'नाही' आलं तर बाकी सगळं व्यर्थ. इथे तो पहिला आणि शेवटचा. गंमत म्हणजे या दोन्हींसाठी एकही यंत्र लागत नाही. पाऊण इंची पीव्हीसी पाइपच्या टोकाला लाकडी शंकू बसवा, पाइपला भोकं पाडा आणि ओळखीच्या चाळीत जाऊन खोचून बघा. पुठ्ठ्याची डबी करा, तिच्यावर आकडे लिहिलेला कागद चिकटवा आणि चाळवाल्याला विचारा, 'काका, हे असं दिसलं तर तुम्ही काय कराल?' 'आकड्यांचं मी काय करू? चाळीची ताडपत्री वर करू की खाली, तेवढं सांग' असं उत्तर आलं, तर महागडा डिस्प्ले त्याच दिवशी यादीतून कटाप आणि त्या जागी दोन रंगांचे दिवे. सॉफ्टवेअरचा कित्येक आठवड्यांचा खटाटोप अशा एका वाक्याने वाचतो.

मग लॅब शोधा. पाबळ आहेच. मुंबईत २०१३मध्ये सुरू झालेलं मेकर्स असायलम आता गोव्यात आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर विज्ञानाधारित स्टार्टअपसाठी काम करतं. वैद्यकीय उपकरणांचं काम असेल तर आयआयटी मुंबईतलं बेटिक हे केंद्र डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एकत्र बसवतं. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादचं टी-वर्क्स आहे. मार्च २०२३मध्ये सुरू झालेली ती प्रोटोटाइपिंगची जागा ७८ हजार चौरस फुटांची आहे. केरळ स्टार्टअप मिशननेही फॅब लॅब उभ्या केल्या आहेत. जाण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: यंत्र तुम्ही स्वतः चालवायचं की ऑपरेटर चालवणार, तासाचा दर काय, मटेरियल तिथे मिळतं का, आणि सुरक्षेचं प्रशिक्षण कधी असतं. स्वतः यंत्र चालवू देणारी लॅब मिळाली तर तिलाच पसंती द्या. हातात आल्याशिवाय मटेरियलचा स्वभाव कळत नाही.

डबी: आधी सपाट शीटमधून

नवखा माणूस थेट थ्रीडी प्रिंटरकडे धावतो. माझा सल्ला, आधी लेझर कटर. मुठीएवढी डबी प्रिंट व्हायला काही तास जातात, तर ३ मिमी एमडीएफमधून तिच्या सहा बाजू काही मिनिटांत कापून होतात. सेन्सर, बॅटरी, बटण, वायर यांना आत जागा पुरते का, एवढाच आत्ता प्रश्न आहे आणि त्याला एमडीएफ पुरेसं आहे.

कापायची फाइल डीएक्सएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात लागते. इंकस्केप किंवा फ्रीकॅड ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि या कामाला पुरतात. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष हवं. एक, दुकानात ३ मिमी म्हणून मिळालेली शीट व्हर्नियरने मोजली तर २.७ किंवा २.८ भरू शकते. दोन, लेझरचा किरण स्वतःच साधारण ०.१ ते ०.२ मिमी मटेरियल जाळून टाकतो, त्यामुळे खाच ठरवल्यापेक्षा रुंद होते. म्हणून पूर्ण डबी कापण्याआधी एक पट्टी कापा. तिच्यात २.५ पासून ३ मिमीपर्यंत ०.१ च्या फरकाने खाचा ठेवा आणि त्याच शीटचा तुकडा एकेकीत घालून बघा. अंगठ्याने दाबल्यावर बसेल आणि उलटं धरल्यावर पडणार नाही ती खाच तुमची. तोच आकडा फाइलमध्ये घाला. शीट बदलली की पट्टी पुन्हा कापायची, यात आळस नको.

आत काय चाललंय ते दिसावं म्हणून पुढची बाजू अॅक्रिलिकची केलीत, तर लेझरने कापलेली कड स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका. कापताना कडेत ताण अडकून राहतो आणि अल्कोहोल लागलं की तिथे केसासारखे तडे जातात. आणि पीव्हीसी किंवा रेक्झिन लेझरमध्ये कधीच घालायचं नाही. त्यातून निघणारा क्लोरीनयुक्त धूर फुप्फुसांना घातक असतो, यंत्रही गंजवतो. मटेरियल कसलं आहे याची खात्री नसेल तर ते कापू नका, लॅबवाल्यांना दाखवा.

टोक आणि जोड: थ्रीडी प्रिंटर

डबीची मापं ठरली की दांडीचं टोक आणि वायर बाहेर काढायचा भाग, असे वाकडेतिकडे भाग प्रिंट करा. यात तीन निर्णय महत्त्वाचे.

पहिला, भाग कसा झोपवायचा. प्रिंटर थरावर थर रचतो आणि दोन थरांमधला सांधा हा सगळ्यात कच्चा असतो. टोक उभं प्रिंट केलं तर ढिगात खोचताना बाजूने जोर आला की थरावरून कटकन मोडतं. तेच आडवं प्रिंट केलं तर जोर थरांच्या लांबीवर येतो आणि भाग तग धरतो. गोल भाग आडवा नीट प्रिंट होत नाही, म्हणून तो उभा चिरून दोन अर्धे प्रिंट करायचे आणि स्क्रूने जोडायचे.

दुसरा, प्लास्टिक कोणतं. पीएलए सगळ्यात सोपं आणि स्वस्त, पण ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याला टेकलेली डबी तेवढी तापू शकते. म्हणून माप बघायला पीएलए आणि चाळीत ठेवायला पीईटीजी किंवा उन्हाला टिकणारं एएसए, अशी विभागणी ठेवा.

तिसरा, जागा किती सोडायची. एकात एक जाणाऱ्या दोन भागांत सगळीकडून ०.२ ते ०.३ मिमी मोकळीक लागते. प्रत्येक प्रिंटर थोडा वेगळा असतो, तेव्हा इथेही आधी छोटा तुकडा प्रिंट करून बघा. पूर्ण टोक प्रिंट करायची गरज नाही, जिथे जोड आहे तेवढीच चकती पुरते.

डबी पुन्हा पुन्हा उघडावी लागणार असेल तर स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये पिळू नका, आटे लवकर झिजतात. बाजारात एम३ मापाचे पितळी इन्सर्ट मिळतात. ते भोकावर ठेवून सोल्डरिंग गनच्या गरम टोकाने हलकेच दाबले की प्लास्टिकमध्ये रुततात आणि कायमचे आटे तयार होतात.

आणखी एक सवय: प्रत्येक भागावर आवृत्तीचा क्रमांक डिझाइनमध्येच कोरा. टेबलावर एकसारखी दिसणारी पाच टोकं जमली की मार्करने लिहिलेलं पुसलेलं असतं. वहीत त्या क्रमांकासमोर तारीख, काय बदललं, कशासाठी बदललं आणि निकाल काय लागला, एवढं लिहा. पुढे पेटंटच्या कामात आणि गुंतवणूकदारासमोर हीच वही उपयोगी पडते.

सर्किट: बॅटरीचा हिशोब

ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या कंट्रोलर चिपचा तयार बोर्ड आणि आर्द्रतेचा सेन्सर ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवर, जोडून एका दुपारी आकडे दिसायला लागतात. बरेच जण इथे थांबतात आणि तोच बोर्ड डबीत भरतात. आधी पुढचा हिशोब करून बघा.

यंत्र दर अर्ध्या तासाने दहा सेकंद जागं होतं आणि तेव्हा सरासरी १२० मिलिअँपिअर घेतं, असं धरू. अर्ध्या तासाच्या १८०० सेकंदांवर हे वाटलं तर सरासरी ०.६७ मिलिअँपिअर होतं. हे ठीक आहे. पण तयार बोर्डावरचा लाल दिवा, यूएसबी चिप आणि रेग्युलेटर यंत्र झोपलेलं असतानाही वीज खात राहतात. ती ५ मिलिअँपिअर धरली तर २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल सुमारे १८ दिवसांत संपतो. हे अनावश्यक भाग काढून स्वतःचा बोर्ड केला आणि झोपेतली वीज ०.०५ मिलिअँपिअरवर आणली, तर तोच सेल कागदावर १४५ दिवस चालतो. प्रत्यक्षात थोडं कमीच धरा, पण अठरा दिवस आणि जवळपास पूर्ण हंगाम यांतला फरक एका बोर्डाचा आहे. अंदाजावर न जाता लॅबमधल्या मीटरने झोपेतला प्रवाह मोजा आणि वहीत लिहा. सेल मात्र भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) नोंदणी असलेलाच घ्या.

स्वतःचा बोर्ड काढायला कायकॅड हे फुकट सॉफ्टवेअर आहे. मिलिंग मशीनवर ०.४ मिमीच्या बिटने तांब्याच्या रेषांभोवतीचं तांबं कोरून निघतं, तेव्हा दोन रेषांत किमान तेवढं अंतर हवंच. कोरण्यासाठी एफआर-१ हा कागदी बेसचा बोर्ड वापरतात, कारण एफआर-४ मधली काचतंतूंची धूळ श्वासातून आत जाणं बरं नव्हे. कोरलेला बोर्ड चालला की मग तीच फाइल सर्किट बोर्ड (पीसीबी) बनवणाऱ्याकडे पाठवून दोन बाजूंचे, हिरव्या लेपाचे बोर्ड मागवा.

बिनतारी सिग्नलसाठी वाय-फाय चाळीपर्यंत पोचेलच असं नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतो आणि कमी विजेत लांबवर सिग्नल पोचवणारे लोरा मॉड्यूल त्यावर चालतात. मॉड्यूल घेताना त्याला दूरसंचार विभागाची ईटीए मान्यता आहे का ते आधीच विचारा. विक्रीच्या वेळी हाच कागद अडतो.

आता मोडून बघायची वेळ

घडवणं जितकं आवडीने होतं तितकं तपासणं होत नाही. माझ्या मते मात्र निम्मा वेळ इकडेच द्यायला हवा.

सेन्सर खरा आहे का, हे बघायला महागडं उपकरण लागत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत साधं मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. सेन्सर मिठाच्या वर अधांतरी टांगा, झाकण लावा, रात्रभर ठेवा. पंचवीस अंशांच्या आसपास बरणीतली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते, हा मिठाच्या संपृक्त द्रावणाचा गुणधर्म आहे. सेन्सर ८२ दाखवत असेल तर किती फरक आहे ते कळलं. मग त्याच सेन्सरच्या जाळीवर कांद्याची वाळलेली साल चुरून टाका आणि पुन्हा तीच परीक्षा घ्या. आकडा स्थिर व्हायला आता खूप जास्त वेळ लागत असेल, तर जाळीची जागा किंवा टोकाचा आकार बदलावा लागेल. असे आठ-दहा सेन्सर तपासले की कोणत्या बॅचवर भरवसा ठेवायचा तेही समजतं.

डबीसाठी मीटरभर उंचीवरून शहाबादी फरशीवर पाडून बघा, प्रत्येक कोपऱ्यावर. आतला सेल जागचा हलला का ते उघडून बघा. शॉवरखाली धरा, आत टिश्यू पेपर ठेवून. दुपारच्या उन्हात बंद पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि आकडे नोंदवा. वायर उंदीर कुरतडणार हे गृहीतच धरा. चाळीत उंदीर असतातच, तेव्हा लवचिक लोखंडी नळीतून वायर न्यायची की वायरच नको असं डिझाइन करायचं, हा निर्णय आत्ताच घ्या.

या घरगुती परीक्षांत पास झालेला नमुनाच अधिकृत प्रयोगशाळेत न्या. धूळ आणि पाण्यासाठी आयपी मानांकन असतं. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि नळीने मारलेलं पाणीही रोखलं जाईल. विद्युतचुंबकीय चाचण्या मुंबईत समीर या संस्थेत होतात, गाडीवर बसणारं उत्पादन असेल तर पुण्यात एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था आहे. तिथली फी आणि ताटकळणं दोन्ही मोठं असतं, म्हणून शॉवरखाली नापास होणारी डबी तिथवर नेऊ नये. वैद्यकीय उपकरणाला २०१७चे वेगळे नियम लागू आहेत आणि त्याची वर्गवारी 'अ' ते 'ड' अशा जोखमीवर ठरते. माणसावर चाचणी करण्याआधी ती वाट समजून घेणं अनिवार्य आहे.

शेवटी चाळ. पाच-सहा यंत्रं वेगवेगळ्या शेतकऱ्यांकडे ठेवा. बसवून देताना बोलू नका. डबी हातात द्या आणि बघत राहा. कोणता भाग उलटा धरला, कुठे अडखळले, बटण सापडलं का, लाल दिवा लागल्यावर खरंच ताडपत्री हलवली का? मध्येच समजावून सांगायचा मोह आवरा, कारण विकलेल्या डबीसोबत तुम्ही जाणार नाही. दोन आठवड्यांनी जाऊन यंत्र कुठे ठेवलंय ते बघा. ते बाजूला खुंटीला लटकत असेल तर कारण विचारा आणि शब्दशः लिहून घ्या.

कल्पना जपणं आणि पैसा

फॅब लॅबच्या सनदेत दोन गोष्टी लिहिल्या आहेत. तिथे घडलेलं डिझाइन शोधकर्ता हवं तसं संरक्षित करू आणि विकू शकतो, पण इतरांना त्यातून शिकता यावं अशी अपेक्षा असते. आणि धंद्याची सुरुवात लॅबमध्ये करता येते, मात्र तो वाढवायचा लॅबच्या बाहेर. मला ही अट न्याय्य वाटते, कारण यंत्र दिवसभर एकाच कंपनीच्या ऑर्डरला अडकलं तर शेजारच्या शाळेतल्या मुलीला ते मिळणार नाही.

पेटंट घ्यायचं असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा व्हिडिओ टाकण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करा. ऑनलाइन अर्जाला मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी सरकारी फी १६०० रुपये आहे. त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात आणि तेवढ्यात चाळीतल्या चाचण्या होऊन जातात. नमुन्याच्या खर्चासाठी केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत दहा लाखांपर्यंत आणि २०२१च्या सीड फंड योजनेत संकल्पना-नमुना-चाचणीसाठी वीस लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केलेली आहे. दोन्ही इनक्युबेटरमार्फत, म्हणजे स्टार्टअपना आधार देणाऱ्या केंद्रांमार्फत, चालतात, तेव्हा अर्ज सध्या सुरू आहेत का ते तिथेच विचारा.

लॅबमधून कारखान्यात

पहिली पन्नास-शंभर नगं डायशिवाय काढा. सिलिकॉनचा साचा करून त्यात पॉलियुरेथेन ओतलं तर एका साच्यातून वीसेक नगं निघतात. डबी सपाट भागांतून जोडली असेल तर लेझरवरच बॅच काढता येते. कोविडच्या साथीत मेकर्स असायलमने चेहरा झाकणारी शील्ड शीटमधून कापता येईल अशी आखली आणि डिझाइन सगळ्यांना खुलं केलं. देशभरातल्या लॅबनी ते आपापल्या यंत्रांवर कापलं आणि मिळून दहा लाखांच्या घरात शील्ड तयार झाल्या. सोपं डिझाइन कुठेही बनतं, ही त्याची ताकद.

ऑर्डर हजारांत गेली की इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक डायमध्ये दाबून भाग काढणं. इथे थ्रीडी प्रिंटची सवय नडते. प्रिंटर आत वळलेला कोपराही काढून देतो, पण डायमधून भाग बाहेर सरकायला हवा, म्हणून उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो. भिंती सगळीकडे सारख्या जाडीच्या, साधारण दोन-अडीच मिलिमीटर ठेवाव्या लागतात, नाहीतर जाड जागी पृष्ठभाग आत ओढला जातो. हे बदल करून डबी पुन्हा एकदा लॅबमध्ये प्रिंट करा आणि सगळं आत बसतंय का ते बघा. मगच भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या टूलरूमकडे, म्हणजे डाय बनवणाऱ्याकडे, जा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमचा सल्लाही घेता येतो.

टूलरूमवाल्याला स्टेप फाइल (भागाची त्रिमितीय फाइल), महत्त्वाच्या मापांवर खूण केलेलं ड्रॉइंग, प्लास्टिकचं नेमकं नाव, नगांची संख्या आणि हातात धरता येईल असा प्रिंट केलेला नमुना, एवढं एकत्र द्या. पैसे टप्प्याने ठरवा. डायमधून पहिले नग आले की त्यांत तुमचाच बोर्ड, तोच सेल, तेच स्क्रू घालून बसवा, फरशीवर पाडा, शॉवरखाली धरा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.